साडूंचा जुना नकाशा

आमच्या देवासच्या साडूंइतका जुन्याला चिकटलेला माणूस उभ्या माळव्यात सापडायचा नाही. रोज इंदूरला जाऊन-येऊन ते एका प्रयोगशाळेत माणसांच्या जनुकांमधले बदल शोधतात. धंदा अगदी नव्या युगाचा. पण सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली की चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा. जगानं टाकून दिलेल्या जातीच्या फायली त्यांच्या घरच्या म्हाताऱ्या कॉम्प्युटरवर अजून उघडतात. घर बदललं तेव्हा देव टेम्पोत बसले आणि हा कॉम्प्युटर साडूंच्या मांडीवर. कोणी फाइल पाठवली की पहिला प्रश्न, "कौनसे नक्शे की है, भिया?" जनुकांतल्या जागांना ज्या नकाशावरून क्रमांक देतात तो मध्यंतरी बदलला, जुने क्रमांक नव्यात चालत नाहीत, हे ते बारशाला आलेल्या पाहुण्यांनाही समजावतात. मेहुणी म्हणते, "भावजी, यांच्याशी बोलायचं तर आपणही जुनंच व्हावं लागतं."

त्यांचा मुलगा ऐन तारुण्यात हृदयाच्या दुखण्यानं गेला. तेव्हा त्याच्या जनुकांची तपासणी झाली होती, पण दोष कशात ते कोणाला उमगलं नव्हतं. यंदा धारला दिलेल्या मुलीला दिवस गेले, आणि डॉक्टर म्हणाले, भावाचं दुखणं हिच्यात नाही ना, ते बघून घ्या. तिकडच्या लॅबनं भावाची जुनी फाइल नव्या सॉफ्टवेअरमध्ये टाकली. ती निमूट उघडली, आणि दोष काही दिसेना. मग मुलीत शोधायचं तरी काय? धोका टळला असं समजून व्याह्यांनी पेढे वाटले. साडूंनी पेढा नुसता हातात धरला.

"उघडली म्हणजे बरोबर वाचली असं नाही, व्याहीबुवा," ते म्हणाले. "कॉलनीतले घरनंबर बदलले, और आप पुराने नंबरवर जाऊन विचारताय, घरात कोणी आजारी आहे का."

देवासला परतून ते कॉम्प्युटरसमोर बसले. जगाच्या फायली उघडणाऱ्या या माणसानं ही एक फाइल मुलगा गेल्यापासून उघडली नव्हती. मी शेजारी होतो. जुन्या नकाशावर धरून बघता अखेर दोष सापडला; तेव्हा कोणाला न उमगलेला तो बदल आता डॉक्टरांच्या ओळखीचा झाला होता. त्याची नव्या नकाशातली जागा काढून त्यांनी लॅबला कळवली, आणि मुलीचं रक्त तपासायला गेलं. उत्तर येईपर्यंत साडू कोणाशीही वाद घालीनात, म्हणून मेहुणी अधिकच घाबरली.

मुलीत तो दोष नव्हता. फोन आला तेव्हा आम्ही सगळे धारलाच होतो. मुलगी रडत बसली होती. साडू तिच्याजवळ जाऊन बसले. इतक्या वर्षांत मुलाविषयी ते आपणहून कधी बोलले नव्हते.

"त्या शेवटच्या भाऊबीजेला तो दवाखान्यात होता," ते हळूच म्हणाले. "तुझी ओवाळणी राहिली होती, बेटा. ही बातमी त्याचीच ओवाळणी समज."