केलीव्हिलच्या गॅरेजमधली अंडी

शॅमेलिऑन, म्हणजे रंग बदलणारे सरडे पाळायचे, त्यांची पिल्लं काढायची, हे खूळ मी पुण्याहूनच डोक्यात घेऊन आले होते. तेव्हा सिडनीत दर सेमिस्टरला विमानं भरभरून विद्यार्थी उतरत होते, खोल्या मिळत नव्हत्या. मला केलीव्हिल या उपनगरात एका मराठी डॉक्टर ताईंकडे खोली मिळाली. त्यांच्या गॅरेजमध्ये गाडीऐवजी सरडे होते. बिअर्डेड ड्रॅगन, इथलेच, गळ्याखाली काट्यांची दाढी असलेले.

"शॅमेलिऑन विसर. इथे ते घरी ठेवता येत नाहीत," ताई म्हणाल्या. "हे चालतात, पण यांनाही लायसन्स लागतं. आणि पिल्लांची घाई नको. आधी एकच सरडा वर्षभर सांभाळून बघ."

मला ते थोडं लागलंच.

एका दुपारी त्यांनी मला गॅरेजमध्ये बोलावलं. टबातल्या ओल्या वाळूत मादी खड्डा खणत होती. अंडी घालून झाल्यावर ती वळली, वाळू आत लोटली आणि नाकाने थोपटून जागा अशी सपाट केली, की तिथे काही पुरलंय हे कळू नये. मी बघतच राहिले. हे तिला कोणी शिकवलं असेल?

"तिच्याकडे बघ आता," ताई म्हणाल्या. मादीची कातडी बरगड्यांवर लोंबत होती. "अंगातलं सगळं कॅल्शियम अंड्यांत जातं. अशक्त मादीची जोडी लावायचीच नाही."

ताईंनी वाळू उकरून एकेक अंडं पेन्सिलने खूण करून उचललं. खूण कायम वर ठेवायची. अंडं उलटलं तर आतला जीव दगावतो.

पुढे कित्येक आठवडे ती अंडी उबवणीच्या पेटीत फुगत गेली. मग एका सकाळी त्यांच्यावर घामासारखे थेंब आले. एकाला चीर पडली आणि नखाएवढं डोकं बाहेर आलं. डोळे उघडे. पिल्लू तसंच थांबलं. मी हात पुढे केला, तर ताईंनी मनगट धरलं.

"ओढायचं नाही. त्याला वेळ लागतो."

मी त्या दिवशी युनिव्हर्सिटीत गेलेच नाही. दुपारी ते बाहेर आलं, ओलं, आणि लगेच मान उंचावून माझ्याकडे पाहू लागलं. एवढ्याशा देहात दाढीचे काटेसुद्धा होते.

नंतर मी लायसन्स काढलं आणि त्यातलंच एक पिल्लू सांभाळलं. पैदास मात्र कधी केली नाही. त्या एकाकडेच कितीही बघितलं, तरी माझं मन भरत नव्हतं.