मधल्या सुट्टीतला पोस्टमन

सुरुवातीलाच सांगून टाकतो. आमच्या घराण्यात अंगठ्याऐवजी सही करणारा पहिला माणूस मी. बी.ए. झालो तेव्हा इंझोरीत आमच्या आळीत दुसरा ग्रॅज्युएट नव्हता. अंगारे, धुपारे, अंगात येणं - हे सगळं मी लहानपणी भरपूर पाहिलं आणि कॉलेजात गेल्यावर सोडून दिलं. त्यामुळे पुढचं जे लिहितोय ते हौसेने लिहीत नाही.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यात होतं. मी केनवडच्या शाळेत शिक्षक होतो. गावातल्या एका जैन दुकानदाराच्या मुलाने शिरपूरहून एक खेळ आणला होता. तळहातावर मावेल एवढी पत्र्याची डबी, वर काच, आत एक छर्रा आणि सहा खळगे. प्रत्येक खळग्याशेजारी चित्र - राजा, चोर, पोलीस, डॉक्टर, गवळण, पोस्टमन. डबी हलवायची, छर्रा ज्या खळग्यात पडेल ते आपण व्हायचं. शाळेची घंटा होईपर्यंत तेच राहायचं, असा पोरांनीच केलेला नियम.

नियम पोरं फारच मनावर घ्यायची. एका चोराने खरोखरच हेडमास्तरांच्या डब्यातली भाकरी पळवली. त्यावर हेडमास्तर हसले. पण मग दुसरीतल्या मैनाचे आजोबा शाळेत आले, तेव्हा हसण्यासारखं राहिलं नाही.

मैना पोस्टमन झाली की पळसाची पानं 'कार्ड' म्हणून वाटायची आणि वाचूनही दाखवायची. विहिरीवर आलेल्या एका बाईला तिने सांगितलं, तुझा नवरा शनिवारी येतो. तो शनिवारी आला. झालं! बाया मैनापुढे पानं घेऊन बसायला लागल्या.

"लोकं पोरीच्या पाया पडून राह्यले," म्हातारा म्हणाला. "उद्या तिचं लगीन कसं होईन? खेळात कायी असन तं सांगा, मी पोरीले शाळेतून काढतो. बकऱ्या चारन घरी."

हेडमास्तरांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "हे आमचे ग्रॅज्युएट. खेळ पोरांच्या लायक हाये का नाही, ते पाहून लिहून देतीन. तुमी चार-पाच दिवस थांबा, आबा."

मला आवडलं, खोटं कशाला सांगू. मी वही घेतली, रकाने आखले - मूल, भूमिका, काय केलं, बरं की वाईट. सोमवारपासून रोज मधल्या सुट्टीत चिंचेखाली बसायचो. दोन दिवसांत बऱ्याच गोष्टी उलगडल्या. मैना डबी डावीकडे कलवते, म्हणून तिचा छर्रा बहुतेक वेळा पोस्टमनमध्येच पडतो. विहिरीवरच्या बाईचा नवरा दर महिन्याला शनिवारीच येतो. मुलं भांडणं कमी करतात, बोलायला शिकतात. रिपोर्ट मनात तयार होता.

मंगळवारी मैना माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"गुरुजी, तुमचं कार्ड."

पानाचा एक कोपरा फाडलेला होता.

आमच्याकडे कुणी वारल्याचं पत्र असलं की कार्डाचा कोपरा फाडतात. तसलं कार्ड घरात नेत नाहीत. उंबऱ्याबाहेर वाचून तिथेच फाडून टाकतात. मुलांना हे माहीत असतं, त्यामुळे मी काही दचकलो नाही. हात पुढे केला, तर तिने पान मागे घेतलं.

"थांबा, गुरुजी."

तिने फाटलेला तुकडा मुठीतून काढला, जागेवर ठेवला आणि बाभळीचे दोन काटे टोचून पानाला जोडला.

"आता घ्या."

मी वहीत लिहिलं - 'मैना, पोस्टमन. पानाचा कोपरा फाडला, मग दोन काट्यांनी जोडला. निरुपद्रवी.' आणि विसरलो.

शुक्रवारी खरा पोस्टमन वर्गाच्या दारात आला. आत येईना.

"गुरुजी, हे दारात देऊ का आत आणून देऊ? मलेच समजून नाही राह्यलं."

कार्डाचा कोपरा फाडलेला होता... आणि पांढऱ्या दोऱ्याने दोन टाके घालून परत शिवलेला होता.

माझा थोरला भाऊ ऊसतोडीला नगरकडे गेला होता. मला शिकता यावं म्हणून तो स्वतः कधी शाळेत गेला नव्हता. कार्ड त्याच्या टोळीच्या मुकादमाचं होतं. वरच्या दोन ओळी खोडलेल्या. खाली लिहिलं होतं - आज मंगळवार. तुमचे बंधू उसाच्या गाडीवरून पडले, हालचाल नव्हती, म्हणून वरील मजकूर लिहिला व कोपरा फाडला. दुपारी त्यांनी डोळे उघडून पाणी मागितले. दुसरे कार्ड जवळ नाही. तुम्ही घाबरू नये म्हणून कोपरा शिवून पाठवत आहे. खोडलेले वाचू नये.

मी खोडलेलं वाचलं. मग वही काढून मंगळवारची नोंद वाचली. अक्षर माझंच होतं.

मैनाला बाजूला बोलावलं. "तुले कोनं सांगतलं होतं?"

ती वर्गाच्या दाराकडे पाहायला लागली.

"त्या दिवशी, पानाचा कोपरा. जोडला काहून?"

"मले काय मालूम, गुरुजी?" ती म्हणाली. "आता मी पोस्टमन नाही. घंटा झाली ना!"

आणि पळाली. त्यात काही गूढ दिसलं नाही. तिला खरंच तास चुकवायचा नव्हता.

शनिवारी सकाळी आबा आले. अंगणातच उभे राहिले, काठीवर दोन्ही हात ठेवून. हेडमास्तर माझ्याकडे पाहत होते. खरं सांगितलं असतं तर दुपारपर्यंत अर्धं केनवड मैनाच्या दारात बसलं असतं, आणि सोमवारी ती बकऱ्यांमागे गेली असती.

"गुरुजी, कायी हाये का पोरीत?"

"कायी नाही, आबा. खेळ हाये नुसता. मी सगळं लिहून काढलं."

"तुमी म्हनता तं नसनच. तुमी शिकलेले." म्हाताऱ्याने हात जोडले आणि तो गेला. माझ्या पदवीवर इतका पूर्ण विश्वास त्याआधी कुणी ठेवला नव्हता, आणि नेमका त्यालाच मी खोटं सांगितलं.

रिपोर्टात लिहिलं - खेळ मुलांसाठी योग्य आहे, मधल्या सुट्टीपुरता. 'विशेष आढळले' या रकान्यात लिहिलं - नाही.

मैना मॅट्रिक झाली. भाऊ त्या अपघातानंतर बरीच वर्षं जगला, थोडा लंगडायचा. योगायोग म्हणावं तर तेही मी अनेकदा म्हणून पाहिलं. एक कोपरा फाडणं योगायोगाने घडू शकतं. पण फाडून परत जोडलेलं कार्ड मी त्या शुक्रवारआधी कधी पाहिलं नव्हतं, आणि नंतरही नाही. कुणी पाहिलं असेल तर जरूर कळवा... मला ते खरोखर जाणून घ्यायचं आहे.