पासपोर्ट घेऊन ताटल्या निवडायला

आयुष्यात पहिल्यांदा ताटल्या निवडायला गेले तेव्हा माझ्या पिशवीत पासपोर्ट, जन्माचा दाखला आणि राहत्या पत्त्याचा पुरावा म्हणून विजेचं बिल होतं. चूक माझ्या होणाऱ्या नवऱ्याच्या मराठीची होती की माझ्या ध्येयवादाची, हे अजून ठरलेलं नाही. तो इथे इंग्लंडमध्ये, लीड्समध्येच जन्मलेला. आदल्या दिवशी फोनवर म्हणाला, "उद्या रजिस्ट्री करायचा आहे. आई पण येणार." मी पुण्याची, शिकायला म्हणून इथे आलेली. आमच्या घरात रजिस्टर्ड लग्न हेच एक खरं लग्न. मला वाटलं, कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, कचेरीत जाऊन लग्नाची नोटीस द्यायची असेल. त्याची आई स्वतःहून येते आहे म्हणजे मंगलाष्टकांचा हट्ट तिने सोडला! मी कुर्त्याला इस्त्री केली.

सरकत्या जिन्याने आम्ही एका मोठ्या दुकानाच्या तिसऱ्या मजल्यावर पोहोचलो तरी मी कचेरीची पाटीच शोधत होते. समोर चहाच्या किटल्या मांडल्या होत्या.

"नोटीस इथे देतात?" मी विचारलं.

"कसला नोटीस? गिफ्ट रजिस्ट्री," तो म्हणाला. "तू पासपोर्ट कशाला आणला?"

त्याच्या आईला मी तेव्हा काकू म्हणत असे. काकूंची बहीण अमेरिकेत, म्हणून त्यांच्या घरात या प्रकाराला रजिस्ट्री म्हणायचे. इथले लोक साधं 'वेडिंग लिस्ट' म्हणतात. लग्न ठरलेल्या जोडप्याने दुकानात जाऊन आपल्याला लोकांकडून काय काय हवं ते दाखवायचं. दुकान त्याची यादी करतं, यादीला नंबर देतं. तो नंबर निमंत्रणाबरोबर पाहुण्यांना कळवायचा, म्हणजे ते त्यातलं एकेक उचलतात. मागणारा लाजत नाही, देणाऱ्याला विचार करावा लागत नाही. आपल्याकडे मुलाकडची मंडळी मागण्यांची यादी करतात तेव्हा निदान आवाज खाली आणतात.

माझी आई मी लहान असतानाच गेली. आमचं घर म्हणजे बाबा, मी आणि पत्रकं. बाबा दिवसा शाळेत भूगोल शिकवायचे आणि संध्याकाळी पत्रकं काढायचे: हुंड्याविरुद्ध, देवाविरुद्ध, बुवांविरुद्ध, वरातीच्या बँडविरुद्ध आणि सर्वांत जास्त आहेराविरुद्ध. पत्रकांच्या घड्या मी घालायची. 'मिंधेपणा' हा शब्द मला 'मिठाई'च्या आधी वाचता येत होता. आहेराविरुद्धच्या पत्रकात बाबांनी लिहिलं होतं की, भांड्यावर नाव घालून देणारा माणूस भांडं देत नाही, तुमच्या स्वयंपाकघरात आपली पाटी लावतो.

पत्रकं पुष्कळ लोक काढतात. बाबा ती पाळायचेही. ज्या लग्नात आहेर घेतात तिथे ते जायचे, अक्षतांऐवजी फुलांच्या पाकळ्या टाकायचे, वधूवरांना आशीर्वाद द्यायचे आणि न जेवता परत यायचे. सख्ख्या बहिणीच्या लग्नात ते पंगत सोडून मांडवाबाहेर शेंगदाणे खात उभे राहिले. आत्या चार वर्षं त्यांच्याशी बोलली नाही. नातेवाइकांत त्यांचं नावच पडलं होतं, 'उपाशी पाहुणे'. आता हे उपाशी पाहुणे व्हिसा काढून, विमानात बसून माझ्या लग्नाला येणार होते. माझ्याकडून तेवढे एकच.

म्हणून मी तिसऱ्या मजल्यावर भाषण केलं. मराठीत, पण हातवारे सर्वभाषिक होते. हुंड्याला आपण कायद्याने बंदी केली आणि इथे त्याला नंबर देऊन काउंटर उघडला आहे, असं काहीसं मी बोलत होते. दुकानातल्या, येणाऱ्याजाणाऱ्या सगळ्यांना 'लव्ह' म्हणणाऱ्या सेविकेने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग माझ्या दंडावर हात ठेवून म्हणाली, "काळजी करू नकोस, लव्ह. पांढरा आवडत नसेल तर हाच सेट क्रीम रंगातही येतो."

काकू हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ होत्या. समोरचा माणूस कितीही ताठ असला तरी त्याला हळूहळू आडवं करणं हा त्यांचा पेशा. त्या म्हणाल्या, "तुझं सगळं बरोबर आहे गं. तू फक्त आमच्याबरोबर चाल. बघायला काय जातंय?"

तर आम्ही बघत चाललो. सेविकेने विचारलं, फॉर्मल की एव्हरीडे? म्हणजे रोज जेवायच्या ताटल्या वेगळ्या आणि माणसं बघायला येणार असतील तेव्हाच्या वेगळ्या. मग विचारलं, किती जणांची सेटिंग? एका माणसाच्या सेटिंगमध्ये मोठी ताटली, मधली ताटली, लहान ताटली, बशी, कप आणि सूपचा बाउल. इतकं सगळं एका माणसापुढे मांडतात आणि त्यात वाटी नाही. रस्सा वाढायला मात्र एक चिनी मातीची होडी होती.

"वाटीचं काय करायचं?" काकू म्हणाल्या आणि पुडिंगच्या छोट्या पांढऱ्या भांड्यांपाशी थांबल्या. "ह्या घेऊ. ह्या लोकांना पुडिंगला, आपल्याला आमटीला."

"किती?" सेविका.

"अठरा."

सेविकेच्या डोळ्यांत आदर दाटला. एवढं पुडिंग खाणारं घराणं तिने पाहिलं नसावं.

"माझा आई सगळ्या गोष्टीचा वाटी करते," नवरा म्हणाला.

"माझी आई," मी म्हटलं.

"तुझी पण होणार ना आता."

त्याच्या हातात सेविकेने पिस्तुलासारखं एक यंत्र दिलं होतं. वस्तूच्या चिठ्ठीवर धरून घोडा दाबला की 'बीप' वाजतं आणि वस्तू यादीत जाते. तो लहान पोरासारखा बीप बीप करत फिरत होता. मीठ-मिरीची जोडी, बीप. उकडलेलं अंडं उभं ठेवायचे कप, बीप. आम्ही दोघंही अंडी खात नव्हतो. मी त्याच्या मागून तत्त्वं सांगत चालले होते आणि एका वळणावर मला निळे बाउल दिसले. खोल, जाड काठाचे, आमटीभात कालवायला अगदी बेताचे. त्याने यंत्र माझ्यापुढे धरलं. "तू पण कर ना एक."

मी घोडा दाबला. खरं सांगायचं तर सहा वेळा दाबला. त्या आवाजात काहीतरी आहे. बीप वाजलं की वस्तू आपली झाल्यासारखी वाटते आणि कुणाकडून काही घेतल्यासारखं अजिबात वाटत नाही. बाबांनी पत्रकं काढली ती नाव घातलेल्या भांड्यांवर. इथे देणाऱ्याचं नावच नव्हतं, त्यामुळे मिंधं नेमकं कुणाचं व्हायचं तेही कळत नव्हतं. दुकानाने सगळ्यांची लाज तेवढी काढून घेतली होती.

पुण्याला मी त्यातलं काही कळवलं नाही. स्वतःला सांगितलं, यादी त्यांची, पाहुणे त्यांचे. आपल्या पत्रिकेत आपला नियम आहेच. मराठी पत्रिका बाबांनीच लिहून, छापून गठ्ठ्याने लीड्सला पाठवली होती. तिच्यात तळाशी ठळक टाइपात होतं: 'आहेर, भेटवस्तू व पुष्पगुच्छ स्वीकारले जाणार नाहीत. ही विनंती नसून नियम आहे.' माझ्या नवऱ्याला मराठी वाचता येत नसल्यामुळे त्याला ती नक्षी वाटली.

काकूंना मराठी उत्तम वाचता येत होतं. त्यांनी प्रत्येक पाकिटात ती पत्रिका घातली आणि तिच्यामागे दुकानाची इंग्रजी चिठ्ठी घातली: 'आमची गिफ्ट लिस्ट अमुक दुकानात आहे, नंबर अमुक.' आणि रीतीप्रमाणे पहिलं पाकीट व्याह्यांना, म्हणजे बाबांनाच, पोस्टाने पाठवलं.

बाबांचा फोन आला. ते स्वतः कधी फोन करत नसत. मीच परदेशी फोनचं कार्ड विकत घेऊन रविवारी करायची.

"पत्रिका मिळाली," ते म्हणाले. "छपाई चांगली उठली आहे. मराठीत आपण काही घेणार नाही असं दिसतं. इंग्रजीत काय काय घेणार आहोत?"

"बाबा, ते काकूंनी..."

"तू निवडलंस का काही?"

काकूंचं नाव पुढे करता आलं असतं. नवऱ्याचंही. पण बाबा कुठलंही पत्रक काढताना खाली स्वतःचं नाव आणि घरचा पत्ता छापत. दगड मारायचा असेल तर लोकांना सोपं जावं, असं म्हणत.

"सहा बाउल," मी म्हटलं. "निळे."

मग ते म्हणाले, "मी येणार आहे. तुझं लग्न आहे, पाकळ्या टाकीन. जेवायचं मात्र माझं तू बघू नकोस. तिकडे शेंगदाणे मिळत असतील ना?"

ते टोमणा मारत नव्हते. खरंच विचारत होते. मी फोन ठेवला आणि दुकानाला लावला.

"मला लिस्ट बंद करायची आहे," मी म्हटलं.

पलीकडे तीच सेविका होती. तिने श्वास आत ओढला. "ओ लव्ह! झालं काय? तू ठीक आहेस ना?"

"मी ठीक आहे. फक्त लिस्ट..."

"आता लक्षात आलं ते बरंच झालं. लग्नानंतर कळण्यापेक्षा बरं. मला तो त्या दिवशीच जरा पोरकट वाटला होता, अंड्याचे कप घेताना."

लग्न होणार आहे, फक्त भेटी नकोत, हे मी तिला तीनदा सांगितलं. ती तीनदा म्हणाली, "हो ना, लव्ह, हो ना," वेड लागलेल्या माणसाशी बोलतात तशी. शेवटी म्हणाली की लिस्ट उघडली वराच्या आईने, त्यामुळे बंद त्याच करू शकतात.

मी काकूंकडे गेले. त्या स्वयंपाकघरात भाजी चिरत होत्या. मी सगळं सांगितलं, बाबांच्या शेंगदाण्यांसकट. त्यांनी सुरी खाली ठेवली नाही.

"अगं, ती पत्रिका आपल्या माणसांसाठी आहे आणि चिठ्ठी इथल्या लोकांसाठी. दोघांना आपापलं वाचायला मिळालं. तुझ्या वडिलांना दोन्ही भाषा येतात हा माझा दोष आहे का?"

"तत्त्व भाषेप्रमाणे बदलतं का, काकू?"

"सत्तावीस वर्षं मी इथे काय करतेय असं तुला वाटतं?" आता सुरी थांबली. "वॉर्डातल्या प्रत्येकाच्या पोराच्या लग्नात मी यादीतून वस्तू घेतली. माझ्या हाताला नेहमी टोस्ट उभे करायचा स्टँड यायचा, कारण चांगलं सगळं आधी गेलेलं असायचं. पोळी खाणारी बाई मी, पंधरा घरांत माझे टोस्टचे स्टँड आहेत. एकदा, फक्त एकदा, ती माणसं माझ्यासाठी यादी बघणार होती. आणि तुझे बाबा तिकडून पत्रक फडकवणार!"

मी एवढंच म्हटलं, "काकू, ते माझ्या लग्नात बाहेर उभे राहतील. माझं दुसरं कुणी नाही यायचं."

त्यांनी भाजीवर झाकण घातलं, हात धुतले आणि भिंतीवरच्या फोनवरून दुकानाला फोन लावून स्पीकर चालू केला. ऑपरेशन थिएटरमधल्या आवाजात त्या म्हणाल्या, "लग्न होणार आहे. व्यवस्थित होणार आहे. लिस्ट मात्र बंद करायची आहे. वधूच्या वडिलांमुळे." मग एक क्षण थांबल्या. "धार्मिक कारण आहे."

"ओ!" सेविका म्हणाली, आणि तिचा आवाजच बदलला. "ऑफ कोर्स, ऑफ कोर्स. मला माफ करा. लगेच करते. ज्यांनी आधीच काही घेतलंय त्यांना मी स्वतः कळवते. सगळे समजून घेतील."

दोन मिनिटांत काम झालं. जे तत्त्व मी तीनदा समजावून सांगूनही सेविकेच्या पचनी पडत नव्हतं, ते धर्माचा शिक्का बसताच सरळ आत गेलं. ज्या माणसाने तीस वर्षं देवाच्या विरोधात शाई घालवली, त्याची लीड्समधल्या एका दुकानात कडवा धार्मिक म्हणून नोंद झाली होती. मी तोंड उघडलं. काकूंनी बोट वर केलं.

"बाबांना जेवायला घालायचंय की बरोबर ठरायचंय?"

मी पानं मांडायला घेतली. ही गोष्ट कोणत्याही पत्रकात मी छापली नाही.

लग्न कौन्सिलच्या कचेरीत झालं. ह्या वेळी पासपोर्ट कामाला आला. बाबांनी पाकळ्या टाकल्या. जेवण गुजराती मंडळाच्या हॉलमध्ये, कागदी ताटल्यांत होतं. बाबांनी दाराशी उभं राहून टेबलांकडे, कोपऱ्यांकडे, लोकांच्या हातांकडे नीट पाहिलं. कुठे एक पाकीटसुद्धा नव्हतं. मग ते आत आले, बसले आणि पुरीचा तुकडा मोडला.

तेवढ्यात काकूंच्या वॉर्डातल्या एक वयस्कर सिस्टर हात जोडून समोर उभ्या राहिल्या. बाबांना खाली वाकून म्हणाल्या की, तुमच्या श्रद्धेबद्दल आम्हा सर्वांना फार आदर वाटतो. आणि गेल्या.

बाबांचा घास हातातच राहिला. "कोणाची श्रद्धा?"

मी नवऱ्याकडे पाहिलं, नवऱ्याने छताकडे. काकू मसालेभात घेऊन तिथेच उभ्या होत्या.

"मी सांगितलं दुकानात," त्या म्हणाल्या. "यादी बंद करायला धार्मिक कारण आहे म्हणून. दुसरं काही त्यांना समजेना."

"कोणता धर्म?"

"ते त्यांनी विचारलं नाही."

बाबांनी घास खाली ठेवला. मला मांडवाबाहेरचे शेंगदाणे दिसायला लागले.

"पण यादी बंद झाली?" त्यांनी काकूंना विचारलं.

"झाली. अठरा वाट्या गेल्या माझ्या."

"मग भात वाढा, विहीणबाई," बाबा म्हणाले. "थोडा जास्त वाढा. मला नंतर बोलायचं आहे."

ते पोटभर जेवले, मठ्ठासुद्धा दोनदा घेतला. मग हात धुऊन थेट त्या सिस्टरपाशी गेले आणि भूगोलाच्या मास्तराच्या इंग्रजीत पाऊण तास त्यांना समजावून सांगितलं की, आपण कोणताही देव, कोणताही धर्म आणि कोणतीही श्रद्धा मानत नाही. सिस्टरनी ते सगळं डोळे मिटून, अतिशय भक्तिभावाने ऐकलं.