अण्णानं कबूल केलेली हयगय

अण्णा, माझा थोरला भाऊ, जाऊन महिना झाला. हे त्याच्या हयातीतच लिहायला हवं होतं.

मी बीदरच्या कॉलेजात इस्लामी अर्थव्यवहार शिकवतो. धनगराच्या घरातला माणूस या विषयात कसा, असं लोक विचारतात. मला तो घरचाच वाटला होता. आमच्याकडे मेंढ्या अर्धलीनं घेत: मेंढ्या मालकाच्या, राखण आपली, कोकरं निम्मी-निम्मी. मेंढी रोगानं मेली तर नुकसान मालकाचं. तिचा कान कापून वाळवायचा आणि मालक आला की दाखवायचा. कलबुर्गीला पीएचडीचे माझे मार्गदर्शक सर मुदारबा नावाचा करार समजावत होते. एकाचं भांडवल, दुसऱ्याचे कष्ट. मी त्यांना कानाची गोष्ट सांगितली. ते खूश झाले. म्हणाले, "बस, हेच! राखणारा अमानतदार असतो. त्याचा शब्द मानायचा. हयगय झाली म्हणणाऱ्यानं ती सिद्ध करायची."

हे मी प्रबंधात लिहिलं, आणि पुढं मेंढ्यांत पैसे गुंतवायची फोनवरची योजना बांधताना नेमकं उलटं केलं.

बीदरजवळच्या नौबादच्या नऊ जणांनी पैसे घातले. त्यातून मेंढ्या घेतल्या. संतपूरकडे अण्णानं त्या राखायच्या होत्या. मेंढी मेली की त्याच दिवशी कानाचा फोटो पाठवायचा. नाही आला तर राखणाऱ्याची हयगय, नुकसानही त्याचंच. हा नियम माझा. त्यावरच्या निबंधाचं परिषदेत कौतुक झालं, आणि बढतीच्या अर्जाला मी तोच जोडला होता.

पावसाळ्यात साथ आली. माळावर नेटवर्क नव्हतं. चौथ्या दिवशी अण्णाचा फोन लागला.

"अकरा गेल्या रं. कान ठेवलेत समदे."

मी ती मरणं नोंदवताच, त्या-त्या दिवशीचा फोटो नसल्यानं, त्याच्या नावापुढं अकरा वेळा 'हयगय' आपोआप उमटलं. नऊही जणांना ते दिसत होतं. नियम बदलायला मला पाच मिनिटं लागली असती. पण मग निबंध खोटा ठरला असता. मी फोन पालथा ठेवला.

रविवारी नौबादला, त्या नऊ जणांपैकी एका निवृत्त हेडमास्तरांच्या घरी सगळे जमले. अण्णा कापडी पिशवी घेऊन आला.

"पिशवी बाहेर ठेवा हो, वास यायलाय," हेडमास्तर म्हणाले.

"कान काय, खाटकाकडं बी मिळतेत की," कुणीतरी म्हणालं. दोघं-तिघं हसले.

"हरेक कानावर आपली खूण हाय. बघा तरी," अण्णा म्हणाला. कुणीही बघितलं नाही.

हेडमास्तर माझ्याकडं वळले. "तुम्हीच सांगा, सर. नियम तुमचा."

काय बोलायचं ते मला पाठ होतं. पण मी खिशातला फोन चाचपत राहिलो. अण्णानं माझ्याकडं बघितलं.

"कामून भ्यायलास?" तो हळूच म्हणाला. मग सगळ्यांना म्हणाला, "व्हय, माझीच हयगय झाली. त्याला काय इचारायलाव?"

त्यानं स्वतःच्या कळपातल्या अकरा मेंढ्या भरून दिल्या. मला बढती मिळाली. त्यानंतर त्याला कुणी अर्धलीनं मेंढ्या दिल्या नाहीत. तो सोयाबीनच्या गोदामात हमाली करू लागला. आमच्याकडं यायचा, चहा प्यायचा, मुलांची चौकशी करायचा. आता हा तो विषय काढेल या भीतीनं मी दर वेळी उठून आत जायचो. त्यानं तो कधीच काढला नाही.

काल मी हेडमास्तरांकडं गेलो. साथ खरी होती, नियम चुकीचा होता, आणि अण्णानं मला वाचवायला खोटं कबूल केलं, असं लिहिलेला कागद त्यांना दिला. त्यांनी तो दोनदा वाचला.

"मला सांगून काय उपयोग?" ते म्हणाले. "रविवारी सगळ्यांना बोलावतो. तिथं बोला."

मी हो म्हणालो. कॉलेजला कळेल, निबंध मागं घ्यावा लागेल, हे त्यांच्या पायऱ्या उतरताना ध्यानात आलं. आज गुरुवार आहे.