लाल बल्बातली शेवंती

आमच्या आणि सुभेदारांच्या घरामध्ये एकच भिंत आहे, आणि तिला कान आहेत असं लोक म्हणतात. कान भिंतीला नाहीत, मला आहेत. त्यांच्या धाकट्या सुनेनं, अपर्णानं, अर्धा एकर शेवंती लावली तेव्हापासून तर माझ्याकडं एवढं साठलंय, की कोरेगावच्या बाजाराला जाताना सगळी एसटी मला शेजारी बसायला जागा धरून ठेवते.

सुभेदार म्हणजे लष्करातून पेन्शनीत आलेले, बोलणं मोजकं. सून शेतीचं कॉलेज शिकलेली, नवरा सीमेवर. तिनं ऊस मोडून शेवंती मागितली तेव्हा सुभेदार म्हणाले, "एक हंगाम. मार्गशीर्षात फूल दिसलं तर रान तुझं. न्हाई दिसलं तर ऊस."

*

पोरीनं रानात बांबू रोवले आणि त्यावर लाल बल्बच्या माळा ओढल्या. दिवस मावळला की सगळं रान लालभडक. तिसऱ्या दिवशी एक ट्रक थांबला. ड्रायव्हर आणि क्लीनर सरळ अंगणात येऊन बाजेवर बसले.

"मामा, जेवणात काय काय हाय?"

सुभेदार बनियनवर बसले होते. त्यांनी दोघांना वरपासून खालपर्यंत बघितलं. "भाकरी, पिठलं. पर आधी हातपाय धुवा."

दोघं पोटभर जेवले. निघताना ड्रायव्हर म्हणाला, "मामा, धाब्याला पाटी तरी लावा."

सुभेदार म्हणाले, "लावणार हुतो. पर मेनू ठरंना."

*

मला राहवेना. मी अपर्णाला विचारलं, "पोरी, झाडाला डेकोरेशन कशाला गं?"

तिनं मला बांधावर बसवून नीट सांगितलं. शेवंतीला फुलायला मोठी रात्र लागते. पानात जनुकं असतात. एक म्हणतं 'फुला', दुसरं म्हणतं 'थांबा'. अंधारात लाल उजेड पडला, की थांबा म्हणणारं जागं राहतं आणि फुला म्हणणारं गप बसतं. दिवाळीला सगळ्यांचीच फुलं येतात. आपली मागं ठेवायची, आणि बल्ब बंद केले की मार्गशीर्षात काढायची. निळ्या मंद उजेडाला मात्र शेवंती तेवढी जुमानत नाही.

मी म्हटलं, "म्हणजे सासू जागी असली की सून टीव्ही लावत न्हाई, तसं?"

"अगदी तसंच, काकी."

सासू, म्हणजे आमच्या आक्का, पलीकडं गवत काढत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "लावा की टीव्ही. कुणी हात धरलाय?"

*

दिवाळी आली. गावातली शेवंती पिवळीधमक झाली आणि अपर्णाचं रान हिरवंगार. आक्कांचा भावकीतला एक दीर बांधावरनं जाता जाता म्हणाला, "वैनी, भाजी लय झाक आलीया. जुडी कशी दिली?"

आक्का कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "तुमास्नी फुकट. ज्याला फूल आन भाजी कळत न्हाई, त्याच्याकडनं काय घ्यायचं?"

दीर गेला. आक्का घरात आल्या आणि सुनेला म्हणाल्या, "खरं सांग. भाजी तर न्हाई ना लावलीस?"

*

तोवर माळा बंद होऊन बरेच दिवस झाले होते. हळूहळू कळ्या दिसायला लागल्या. अपर्णा सकाळी चहा न पिता रानात पळायची. पण एका कोपऱ्यात कळीचं नाव नाही. कुणीतरी परकार फिरवावा तसं गोल हिरवं रान, आणि मधोमध म्हसोबाचा शेंदरी दगड.

गावात लगेच सुरू झालं. म्हसोबा कोपला. त्याला इचारलं न्हाई. ऊस मोडला, ते त्याला रुचलं न्हाई.

सुभेदार त्या गोलाकडं बघून एवढंच म्हणाले, "एवढं रान मोकळं जाणार असंल, तर पुढल्या साली ऊसच बरा."

अपर्णाला कारण लगेच कळलं होतं. म्हसोबाच्या डोक्यावर लाल बल्ब होता, रात्रभर चालू. पण ते ती सांगणार कसं? तो बल्ब आक्कांनी लावला होता. पोरगा सीमेवर आहे तोवर देवाचा दिवा विझू द्यायचा नाही, असा त्यांचा नवस. आणि तो पोरगा म्हणजे अपर्णाचाच नवरा.

शेवटी मीच आक्कांना सांगितलं. असल्या वेळी शेजारीण उपयोगी पडते.

आक्कांनी डोक्यावरचा पदर सारखा केला. मग म्हणाल्या, "दिवा विझायचा न्हाई."

अपर्णा हळूच म्हणाली, "विझवायचा नाही, आई. निळा लावू."

"शेंदराच्या देवाला निळा? ते मी कोण ठरवणार? देवाला इचारू. कौल लावू."

*

मार्गशीर्ष लागला त्या सकाळी आम्ही चौघं म्हसोबापुढं. आक्कांनी रानात उमललेल्या पहिल्या शेवंतीच्या दोन ओल्या पाकळ्या दगडाला चिकटवल्या. उजवी आधी पडली तर निळा, डावी पडली तर लाल तसाच.

सुभेदार सावधानमध्ये उभे. अपर्णा पदराचं टोक पिळत होती. मी देवाला नमस्कार करायला जरा जास्तच पुढं वाकले होते, म्हणून मला सगळं दिसत होतं.

डावी पाकळी सरकली. थोडी आणखी सरकली. अपर्णानं डोळे मिटले.

आक्कांचे डोळे आधीच मिटलेले होते. हात जोडलेले, तोंड दगडाच्या अगदी जवळ. आणि ओठांचा चंबू करून, गरम दुधावर घालावी तशी एक फुंकर त्यांनी उजव्या बाजूला घातली.

उजवी पाकळी पडली.

सुभेदारांनी खिशातनं निळा बल्ब काढला. तो त्यांनी घरनंच आणला होता. लाल काढून तो बसवला आणि सुनेला म्हणाले, "रान तुझं."

मी आक्कांच्या कानाशी लागले. "आक्का, वारं कुठलं सुटलं वो?"

आक्कांनी डोळे न उघडताच म्हटलं, "हळू बोला. देव ऐकतोय."