वेशीबाहेरचे राजे

निघोज्याच्या आमच्या कंपनीत गणराजला सगळे चेष्टेनं 'राजे' म्हणतात. 'राजे, चहा सांगा', 'राजे, तुमच्या प्रेसचं तेल गळतंय.' बत्तीस वर्षं मशिनवर उभा असलेला हा माणूस खरोखरच हातगिरी संस्थानचा वारस आहे, हे त्यांतल्या निम्म्यांना माहीत नाही. संस्थान कसलं, मराठवाड्यातली सतरा गावं. मी चिखलीत त्याच्या खालच्या मजल्यावर राहतो, म्हणून मला सगळं ठाऊक.

संस्थान बुडायच्या वर्षी त्याच्या आजोबांच्या शिपायांनी हातगिरीच्या गावकऱ्यांवर गोळी झाडली, तीन माणसं गेली. गावानं आजोबांना देवीपुढं शपथ घ्यायला लावली, की या घरातलं कुणीही पुन्हा वेस ओलांडून गावात येणार नाही. पण दसऱ्याला आपट्यावर पहिला वार गादीच्या माणसाचाच, त्याशिवाय गाव सोनं लुटत नाही. मग तोड निघाली. वारसानं वर्षातून एकदा वेशीबाहेरच्या आपट्यापाशी यायचं, तलवारीचा वार करायचा आणि पाठ फिरवायची.

गणराज आजवर तेच करत आला. सहा तास एसटी, एक वार, गावकरी वाजतगाजत आत गेले की हा परत फाट्यावर. मला त्याचा भयंकर राग येतो. अरे, पाप आजोबांचं, तू किती दिवस फेडणार? तो म्हणतो, "शपथ देवीपुढची हाय, भाऊ. आन् आपल्याबिगर त्यांचा दसरा होत नाई." हे शेवटचं म्हणताना त्याची मान जरा ताठ होते. तेवढीच त्याची राजगादी.

खरी कुचंबणा त्याच्या आईची, मंजुळाबाईंची. सून होऊन साठ वर्षं झाली, कुलदेवीचं तोंड पाहिलेलं नाही. दरसाल ओटीचा खण-नारळ घेऊन लेकाबरोबर जातात, वेशीवरून कळसाला हात जोडतात आणि खण-नारळ परत आणतात.

यंदा आठवडाभर आधी सरपंच उद्धवरावांचा फोन आला. रस्ता रुंद करताना वेशीवरचा आपटा गेला होता. "कशाला एवढ्या लांब येता? कुंडीत आपटा लावा, व्हिडिओ कॉलवर वार करा. आमचं भागतंय." गणराजनं मुकाट्यानं नर्सरीतून रोप आणलं. मी चिडून बोललो, तर त्यानं दोन दिवस अबोला धरला.

दसऱ्याला दुपारी सोसायटीच्या पार्किंगमध्ये, दोन स्कूटरच्या मधे, कुंडी ठेवली. मंजुळाबाई खुर्चीवर बसल्या, मांडीवर खण-नारळाची पिशवी. फोन मी धरला. गणराजनं तलवार उचलली आणि थबकला. पडद्यावर उद्धवरावांच्या मागं पोरंबाळं एकमेकांना सोनं वाटत होती.

"वार व्हायचाय अजून," गणराज म्हणाला.

"मारा की! पोरं थांबत नाईत हल्ली. रीत म्हणून मारा."

तलवार तशीच खाली आली. त्याचा चेहरा मला बघवेना. ज्या एका वारासाठी तो जन्मभर वेशीबाहेर उभा राहिला, त्याची त्यांना गरजच उरली नव्हती. फोन आपटावा असं वाटलं. मी तो बंद केला.

मंजुळाबाई मात्र उठल्या. "अट त्यांनी मोडली. आता तू राजा नाईस, आन् मी गादीची सून नाई. साध्या बाईला देवळात जायला कोण अडवायलंय? गाडी काढायला सांग ह्यास्नी."

मी किल्ली काढली. गणराज तलवार म्यानात घालून बरोबर घेऊ लागला.

"ती राहू दे हितंच," त्या म्हणाल्या. "नारळ घे."