चटणीकडे पाठ करून

आमच्या कोल्हापुरात बाई एक वेळ कपाटाची किल्ली शेजारणीकडे देऊन गावाला जाईल, पण आपली वर्षभराची तिखट चटणी कांडपाच्या गिरणीत टाकून घरी जाणार नाही. जमणारच नाही. मिरची डंकाच्या उखळात पडल्यापासून चटणी डब्यात बसेपर्यंत ती समोर ठाण मांडून बसते आणि नजर हलवत नाही. का, तर आपली ब्याडगी दुसरीच्या डब्यात जाईल, मूठभर खोबरं कमी होईल, आधीच्या बाईची शिळी मिरची आपल्यात येईल. यातलं काही कधी झालंय असं मला तरी आठवत नाही. पण बसायचं म्हणजे बसायचं. माझी आई बसायची, मी बसते, उद्या सूनही बसेल. नाही बसली तर मी तिला बसवीन.

माझी धाकटी मावशी मंगळवार पेठेत कांडप चालवते. एक शटर, एक मोटर, ओळीनं उभी लोखंडी मुसळं आणि त्यांच्याखाली उखळं, एवढाच कारभार. शटर थेट रस्त्यावर उघडतं. मागं खोली नाही, खिडकी नाही. गाळ्यात जे काही होतं ते रस्त्यानं जाणाऱ्या म्हशीलाही दिसतं.

लहानपणापासूनचे माझे सगळे उन्हाळे त्या गाळ्यात एकात एक मिसळून गेलेत. बाहेर ऊन पांढरं आणि आत हवा लाल. मुसळं उठायची, पडायची, उठायची, पडायची, आणि त्या आवाजानं सगळं जग हळूहळू सैल व्हायचं. शेजारच्या बाया कुणाच्या तरी लग्नाचं, कुणाच्या तरी वाटणीचं बोलत असायच्या आणि ते बोलणं पाण्याखालून आल्यासारखं कानावर पडायचं. डोळे उघडे ठेवून झोपायला मी तिथंच शिकले. शटरमधून उन्हाची एक तिरीप आत यायची, तिच्यात मिरचीची धूळ तरंगत राहायची, आणि मी ती बघत कुठं कुठं जाऊन यायचे. मग एकीला ठसका लागायचा. एकीला लागला की सगळ्यांना. नाकाला पदर, डोळ्यांतून पाणी, आणि स्वप्नाचा पार चुराडा.

आम्ही वर्षातून एकदा ठसकत होतो, मावशी उन्हाळाभर ठसकायची. पुढं पुढं तिचा खोकला पावसाळ्यातही जाईना. डॉक्टरांनी सांगितलं, हा धंदा सोडा. माझी मावशी शांत, सोशीक वगैरे अजिबात नाही. ती डॉक्टरांना म्हणाली म्हणे की धंदा सुटायचा नाही, मी मिरचीलाच खाली बसवते.

आणि बसवलं की तिनं! ट्रकच्या जुन्या ट्यूबचं रबर कापून तिनं त्याला लोहाराच्या भात्यासारख्या घड्या घातल्या. वरचं टोक मुसळाला आवळलं, खालचं उखळाच्या काठाला. मुसळ उठलं की घड्या उघडायच्या, पडलं की मिटायच्या. पहिल्यांदा ते फुटलं आणि सगळी मिरची हिच्या तोंडावर. दोन दिवस डोळ्यांवर ओल्या पट्ट्या घालून पडली होती आणि पडल्या पडल्या त्या फुग्याला शिव्या देत होती. तिसऱ्या दिवशी उठली आणि रबराला बाजूनं एक तोंड काढलं, त्या तोंडाला मांजरपाटाची पिशवी बांधली. मुसळाच्याच धक्क्यानं हवा पिशवीतून बाहेर जायची आणि मिरचीचा खकाणा पिशवीत राहायचा. वेगळा पंखा नाही, वेगळी मोटर नाही. शेवटी पिशवी ज्या बाईची चटणी तिच्याच डब्यात झटकायची. ते नसतं केलं तर पेठेतल्या बायकांनी तिला जिवंत सोडलं नसतं. पुढं पुढं तर बाया आपापली पिशवी घरनंच शिवून आणायला लागल्या, कुणी तिला नाडी लावायची, कुणी कोपऱ्यात रंगीत टाका घालायची.

ते पहिल्यांदा चाललं त्या दुपारी गाळ्यात कुणीच ठसकलं नाही. आधी आम्हाला चुकल्या चुकल्यासारखं झालं. हवा स्वच्छ होती, उन्हाच्या तिरिपीत काहीच नव्हतं, नुसतं ऊन. मुसळं उठत होती, पडत होती, आणि मी भिंतीला डोकं टेकून खरोखरच झोपले. स्वप्नात रंकाळा भरून वाहत होता आणि त्याचं पाणी लाल होतं, पण कुणालाच झोंबत नव्हतं. मावशीनं हलवून उठवलं तेव्हा चटणी डब्यात होती आणि तिच्या तोंडावर असं हसू होतं की तसं मी तिच्या लग्नाच्या फोटोतही बघितलेलं नाही.

त्यानंतर मावशी ते दाखवत सुटली. गिऱ्हाइकाला दाखव, गिऱ्हाइकाच्या पावण्यांना दाखव, रस्त्यानं जाणाऱ्याला हाक मारून दाखव. पोरी मोबाईलवर व्हिडिओ काढायच्या तर ही पदर नीट करून शेजारी उभी राहायची आणि जवळनं काढ म्हणायची. एकदा बाहेरगावचा एक माणूस आला, कांडपाची यंत्रं विकतो म्हणाला. तिनं त्याला बसवलं, चहा पाजला, रबर सोडून घड्या दाखवल्या, पिशवीची शिवणसुद्धा उलटी करून दाखवली. मी समोर होते. मला तरी कुठं काय वाटलं? आमच्याकडे घरी आलेल्या माणसापासून काही झाकून ठेवणं म्हणजे त्याचा अपमान. पोटभर बघून तो गेला.

पुढच्या उन्हाळ्यात नेसरीकडं दिलेली पेठेतली एक बाई माहेरपणाला आली. डंकाकडे बघून ती सहज म्हणाली की असला फुगा आता त्यांच्या गावच्या कांडपातही बसवलाय, वर कंपनीचं नाव छापलेलं आहे. मावशीनं मोटर बंद केली. चटणी अर्ध्यात असताना मोटर बंद झालेली मी त्या गाळ्यात कधी बघितली नव्हती. तिनं त्या बाईला परत परत विचारलं, घड्या तशाच का, पिशवी तशीच का. सगळं तसंच होतं.

तेव्हापासून तिला एकच ध्यास लागला. "माझं हाय ते. माझ्या नावावर पाहिजे," एवढंच ती म्हणायची. जेवताना म्हणायची, बाजारात म्हणायची, मी फोन केला की नमस्काराच्या आधी तेच. विकायचं तिला काही नव्हतं. पण आपल्या डोळ्यांची आग करून जे काढलं त्यावर दुसऱ्याचं छापील नाव, हे तिला अन्न गोड लागू देईना. मलाही लागू देईना, खोटं कशाला बोलू.

मी तिला माझ्या ओळखीच्या एका पेटंट वकिलाकडे घेऊन गेले. रंकाळ्याच्या बाजूला त्याचं ऑफिस होतं, खिडकीतनं पाणी दिसायचं. चांगला माणूस. त्यानं सगळं मन लावून ऐकलं, फुग्याचं चित्र काढून घेतलं, कौतुक केलं. मग विचारलं की हे बाहेरच्या लोकांसमोर पहिल्यांदा कधी चालवलं. मावशी फुशारकीनं म्हणाली, दोन उन्हाळे झाले, अख्ख्या पेठेनं बघितलंय. त्यानं पेन खाली ठेवलं.

त्यानं जे सांगितलं ते असं: अर्ज करायच्या आधी जे जगजाहीर झालं त्यावर हक्क मिळत नाही. मग ते तुम्ही स्वतः का दाखवलेलं असेना. आधी कच्चा अर्ज टाकून ठेवला असता तर नंतर गावभर दाखवायला हरकत नव्हती. निव्वळ चाचणी असती तर थोड्या मुदतीची एक वाट होती, पण इथं लोकांची चटणी पैसे घेऊन कांडली होती. काही देशांत म्हणे स्वतः दाखवल्यावरही अर्जाला वर्षभर सवड मिळते. आपल्याकडे तशी सरसकट सवड नाही.

मावशीनं खिडकीतल्या पाण्यावरनं नजर काढली. म्हणाली, "साहेब, मला खोलीच न्हाय. शटर वडलं तर आत जीव जाईल. मी ते चालवून बघायचं कुठं?"

वकील बिचारा काय करणार? पण मला मात्र चीड आली आणि ती अजून गेलेली नाही. कारखान्याला भिंत असते, दारात वॉचमन असतो, नोकराकडून सही घेऊन तोंड बंद ठेवता येतं. रस्त्यावर पोट असलेल्या बाईनं कुठं लपायचं? ती जे शोधते ते चार माणसांच्या देखतच शोधते, त्यांच्याच मिरचीवर शोधते. तिला वर्षभराची सवड देऊन कुणाच्या तिजोरीला भोक पडणार आहे? अशा एकट्या माणसाचा हक्क घट्ट करायचा तर सुरुवात इथून करा, एवढं माझं म्हणणं आहे. पण माझं म्हणणं ऐकतंय कोण!

ही बातमी पेठेत पसरायला वेळ लागला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी मी गाळ्यात होते, तर बायाच बाया. पुढं मावशीच्या समोरच्या घरातली म्हातारी, जिचं तिच्याशी पाण्याच्या नळावरनं कायमचं भांडण. म्हातारीनं सगळ्यांच्या वतीनं सांगितलं की कोण विचारायला आलं तर पेठेतली एकही बाई काही बोलणार नाही. फुगा कुणी बघितलेलाच नाही. व्हिडिओ पुसून टाकले. तू बिनघोर अर्ज कर. बाकीच्या माना डोलावत होत्या. एकीनं तर रंगीत टाक्याची आपली पिशवी जाळली होती.

माझा ऊर भरून आला. मला वाटलं, मावशी आता रडणार. पण तिचं तोंड उतरलं. ती उठली, म्हातारीसमोर जाऊन उभी राहिली आणि हळू आवाजात म्हणाली, "दोन उन्हाळं तुमी हितं बसून न ठसकता घरी गेलाय. ते बघितलं न्हाय म्हणणार? मग मी केलं ते कुणासाठी? कोण आलं तर बघितलंय म्हणूनच सांगा."

मावशीनं मोटर सुरू केली. अर्ज राहिला तो राहिला. कंपनीचे फुगे विकले जात राहिले, आणि मावशी पावसाळाभर गप्प होती. बडबडी बाई गप्प झाली की घरात कसं भीतीदायक वाटतं, तसं अख्ख्या गल्लीला वाटत होतं.

या उन्हाळ्यात मी माझा मिरचीचा डबा घेऊन गेले. चैत्राचं ऊन, गल्ली अर्धी झोपेत. लांबूनच मला काहीतरी वेगळं दिसलं. बाया नेहमीसारख्याच ओळीनं बसलेल्या, पण तोंडं रस्त्याकडे. सगळ्यांची. मुसळं मागं चालली होती, त्यांची चटणी मागं कांडली जात होती, आणि एकही बाई वळून बघत नव्हती. आत शेवटच्या उखळाभोवती दोरीवरनं जुनी चादर सोडलेली होती.

मी विचारणार एवढ्यात म्हातारीनं मला हाताला धरून खाली बसवलं. "मागं बघायचं न्हाय," ती म्हणाली. "कागद जाईस्तवर."

मावशीला काहीतरी नवीन सुचलं होतं. चालवून बघायला खरी मिरची लागत होती, खोली तर नव्हतीच. तिनं कुणाला वळा म्हटलं नव्हतं. त्या चादरीकडे एकदा बघून म्हातारीनंच आपलं स्टूल फिरवलं होतं, आणि मग एकामागून एक सगळ्यांनी. चादरीआड चाललेल्या कांडपाचे मावशी पैसेही घेत नव्हती. तेवढं वकिलाचं तिनं ऐकलं होतं.

मीही रस्त्याकडे तोंड करून बसले. पाठीमागं माझी मिरची पडल्याचा आवाज आला. मान आपोआप वळायला लागली, जन्माची सवय ती. मी पदराचं टोक हातात घट्ट धरलं. समोर पांढरं ऊन होतं, एक म्हैस सावकाश चालली होती, तिच्या मागं तिची सावली. मुसळाच्या ठेक्यात एक नवाच आवाज मिसळत होता, कुणीतरी झोपेत कूस बदलावी तसा. तो कशाचा ते मी मनातसुद्धा शोधलं नाही. शेजारची बाई डोळे मिटून बसली होती. मावशीनं डबा माझ्या मांडीवर ठेवला तेव्हा मी तो उचलून वजन बघितलं नाही, आणि आमच्यातल्या एकीनंही आपला बघितला नाही.

असे किती दिवस गेले ते मोजायचं कुणाला सुचलं नाही. पेठ नुसती रस्ता बघत होती. आणि एका दुपारी मावशी वकिलाकडून आली ती चपला न काढताच आत गेली. अर्ज गेला होता. हक्क मिळेल की नाही ते अजून कुणालाच माहीत नाही; पण निदान या वेळी दाखवण्याआधी गेला होता.

तिनं चादर ओढून काढली तो आवाज आम्ही पाठीमागं ऐकला. मग ती म्हणाली, "वळा आता. बघा."

चादरीमागं काय होतं ते मी इथं लिहीत नाही. मंगळवार पेठेत जा, ती स्वतः दाखवेल, चहाही पाजेल. आम्ही वळलो. समोर नवं यंत्र होतं, आमची चटणी होती, पण कुणीच तिकडं बघत नव्हतं. सगळ्या मावशीच्या तोंडाकडे बघत होत्या.